कातरणीच्या दिवसांतली जीप

विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात मला संशोधन सहायक म्हणून घेतलं, तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. वडिलांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "तिथं सरकारविरुद्ध काही लिहावं लागतं का?"

"मेंढ्यांविषयी लिहायचंय, दादा."

"मग ठीक," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही.

वडील औरंगाबादच्या छावणीतल्या एका शाळेत मास्तर होते. रझाकारांच्या धामधुमीत ते ऐन विशीत होते. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, पण त्यांच्या अंगातली धास्ती गेली नाही. दारावर अनोळखी थाप पडली की ते उठून आतल्या खोलीत जायचे आणि दार आई उघडायची. आम्हा भावंडांना त्याचं हसू यायचं. आणीबाणीचं दुसरं वर्ष लागलं आणि ते हसू आपोआप बंद झालं.

माझ्या विषयाचं म्हणाल तर तो साधा होता. आमच्याकडे सुगी झाली की शेतकरी रिकाम्या रानात धनगरांचा वाडा बसवून घेतात. वाडा म्हणजे मेंढ्यांचा कळप, सोबतचं बिऱ्हाड आणि भोवती लावायची जाळी. मेंढ्या रानात मुक्कामाला बसल्या की लेंडीखत आपसूक पडतं आणि त्याच्या बदल्यात धनगराच्या घरात ज्वारी-बाजरी जाते. इतका जुना व्यवहार, पण तो कुठल्याच अहवालात सापडत नव्हता. आता तर गावोगाव युरियाची पोती उतरायला लागली होती. मग या माणसांचं पुढं काय, असा प्रश्न माझ्या मार्गदर्शक सरांना पडला होता आणि त्याचं उत्तर शोधायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं होतं.

सर निवृत्तीला टेकले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, जाड भिंगांचा चष्मा आणि हातात चपटी कातडी बॅग. नवख्या माणसाला ते हमखास डॉक्टर वाटायचे. त्या बॅगेत कोऱ्या प्रश्नावल्या आणि लोकर अडकवून तोलायला घेतलेला आकड्याचा काटा असायचा.

भाद्रपद संपत आला होता. हे दिवस गाठायचे असं सरांनी ठरवलं होतं, कारण पावसाळ्यात धनगर आपापल्या गावी असतात आणि दसऱ्यानंतर वाडे बाहेर निघायच्या आधी ओढ्यात मेंढ्या धुऊन त्यांची लोकर कातरतात. फुलंब्रीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेलं एक गाव आम्ही निवडलं. विभागाची गाडी नेमकी नादुरुस्त होती. सरांनी ओळखीनं एका सरकारी कार्यालयाची जीप मागून घेतली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वडील माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ टॉवेलाला हात पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमच्या त्या गावात कुणी तयार असलं तर... नुसतं विचारून बघ."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. त्या दिवसांत मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला लावत होते. केस आणली नाही तर पगार अडायचा, बदलीची भीती घालायचे. वडील रविवारी नातेवाइकांकडे जाऊन यायचे, छावणीच्या बाजारात हमालांपाशी घुटमळायचे आणि तोंडातून शब्द न काढता परत यायचे. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरात कुणी त्यावर बोलत नव्हतं.

"दादा, मी हे कसं विचारू?" मी म्हणाले.

"नाही, नाही. राहू दे. मी आपलं म्हटलं," असं म्हणून ते उठले.

सकाळी निघालो. जीप चिखलानं माखलेली होती. चालवणारे चाचा मूळचे औरंगाबादकडचेच, चाळिशीच्या आतबाहेरचे, मितभाषी. ते नुकतेच त्या कार्यालयात बदलून आले होते आणि ही गाडी त्यांच्या हातात पहिल्यांदाच आली होती. फुलंब्री मागं टाकली, कच्चा रस्ता लागला. दोन्हीकडं बाजरी पुरुषभर उंच झालेली. वाटेत एक ओढा आडवा आला. चाचांनी जीप पाण्यात घातली आणि चाकांनी उडवलेलं पाणी दोन्ही अंगांनी दारांवर चढलं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला माणसं मेंढ्या धूत होती. सरांना फार आनंद झाला. ते हात हलवून म्हणाले, "बघा, अगदी वेळेवर आलो!"

पाण्यातली माणसं सरळ उभी राहिली. आमच्याकडं पाहिलं. आणि मग ती पळाली. मेंढ्या तशाच पाण्यात सोडून, काठावर ठेवलेली पायताणंसुद्धा न घेता, वाट फुटेल तिकडं पळाली.

"हे काय?" सर म्हणाले.

चाचांनी गाडीचा वेग कमी केला. "साब, वापस चलते," ते म्हणाले. "कुछ तो बी गडबड है."

"अहो, अनोळखी माणसं पाहून बुजले असतील. चला पुढं."

वस्तीवर पोचलो तेव्हा तिथं कोणी नव्हतं. चुलीवर भाकरी करपत होती, तिचा धूर येत होता. अंगणात लोकरीचे ढीग पडले होते आणि मधूनमधून अर्ध्या कातरलेल्या मेंढ्या सैरावैरा हिंडत होत्या. एका बाजूनं उघड्या गुलाबी अंगाच्या, दुसऱ्या बाजूनं दाट लोकरीच्या. एकीच्या पाठीवर अर्धी सुटलेली लोकर लोंबत होती आणि ती पायात येऊन मेंढी अडखळत होती. मी आजवर पुष्कळ गावं पाहिली होती, पण कामाच्या मध्यात हात सोडून नाहीसं झालेलं गाव पाहिलं नव्हतं. कुत्रीही भुंकत नव्हती.

एका छपरात एक म्हातारी बसली होती. तिला पळता आलं नसावं. सर बॅग घेऊन तिच्याकडं गेले, तशी ती भिंतीला चिकटली आणि दोन्ही हात जोडून ओरडली, "म्या म्हातारी हाय रं बाबा! माजं काय कापता? माजं काय ऱ्हायलंय?"

सर जागीच थांबले. त्यांना काहीच उमगलं नाही. मी मात्र वळून जीपकडं पाहिलं. ओढ्याच्या पाण्यानं दारावरचा चिखल धुऊन गेला होता आणि खाली कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण लखलखत होता. ही जीप आधी नसबंदीच्या कॅम्पांना माणसं न्यायला फिरत होती.

"सर, गाडीत बसा," मी म्हणाले. "सर, लवकर."

तेवढ्यात बाजरीतून सूं असा आवाज आला आणि जीपच्या टपावर काहीतरी आदळलं. गोफणीतला धोंडा. दुसरा माझ्या पायाजवळ माती उडवून गेला. तिसरा सरांच्या कपाळावर बसला. ते आधी आश्चर्यानं पाहत राहिले आणि मग हळूहळू खाली बसले, चष्मा दूर जाऊन पडला. मी त्यांच्या काखेत हात घातला तेव्हा बाजरीच्या कडेला उभा असलेला एक जण मला दिसला. तरणा, काळासावळा, डोक्याला तांबडा पटका, हातात गोफण. त्याची माझी नजरानजर झाली. तो माझ्याइतकाच भेदरलेला होता, आणि त्यामुळंच मला त्याची जास्त भीती वाटली.

चाचांनी धावत येऊन सरांना दुसऱ्या बाजूनं धरलं. जीपपर्यंत जाणं शक्य नव्हतं, कारण घरांच्या मागून बायका निघाल्या होत्या. लोकर कातरता कातरता उठलेल्या त्या बायका, हातात तशाच कातरी घेऊन, काही न बोलता येत होत्या. आम्ही जवळच्या शाळेच्या खोलीत शिरलो. चाचांनी दार लोटून आतून फळा टेकवला. बाहेरून कुणीतरी कडी घातली.

मग गलका सुरू झाला. गाडी पेटवा, असं कुणी म्हणत होतं. डॉक्टरला आमच्या हवाली करा, असं दुसरं कुणी. सरांच्या कपाळातून रक्त वाहत होतं. मी माझ्या ओढणीची घडी करून दाबून धरली. सर सारखे म्हणत होते, "त्यांना सांगा, मी डॉक्टर नाही. सांगा त्यांना." मी खिडकीपाशी जाऊन ओरडले, तर गजांवर दगड आदळला.

चाचा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तसं ते म्हणाले, "ॲक्शन के टाइम मैं छोटा था, बाई. हमारे गाँव में भी ऐसाच आवाज आया था. पहले ऐसा, फिर एकदम चुप. चुप हो गए तो समझना."

आमच्या घरात त्या काळाच्या गोष्टी वेगळ्या बाजूनं ऐकल्या होत्या. भीती मात्र तीच होती. मी बाहेरचा गलका ऐकत राहिले आणि मनात एकच म्हणत राहिले, ओरडा, ओरडत राहा, गप्प होऊ नका.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. भीतीनं मला लघवीला लागली होती आणि आता ती आवरेना. हे लिहायला आज संकोच वाटतो, पण पुढचं सगळं त्यामुळंच घडलं. मी दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाले, "ओ मावशी, कुणी बाई आहे का? मला बाहेर जायचंय. मला लई लागलीय."

बाहेर जरा शांतता झाली. मी चाचांकडं पाहिलं. मग एक जाड बायकी आवाज आला, "एकलीच ये. बाकीचे हलले तर बगा."

कडी निघाली. दारात चाळिशीची, उंच, हाडापेराची बाई उभी होती. कपाळावर मोठं कुंकू, पदर खोचलेला, हातात कातर. तिनं माझं मनगट धरलं आणि मला शाळेमागं रुईच्या झुडपाआड नेलं. मी बसले. ती पाठ करून उभी राहिली, पण कातर खाली केली नाही.

"कापाय आलाव का न्हाई, खरं सांग," ती तशीच पाठमोरी म्हणाली.

"नाही, मावशी. देवाशपथ नाही."

"मंग कामून आलाव?"

"तुम्ही रानात वाडा बसवता, त्याचं शेतकरी काय देतात, पूर्वी काय देत होते, ते विचारायला आलोय. मी विद्यापीठात शिकते. ते सर शिकवतात."

ती वळली. "हे इचारायला सरकारी जीप लागती व्हय?"

"आमची गाडी मोडली. ही मागून आणली. दारावर काय आहे ते आम्ही पाहिलं नव्हतं."

तिनं माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. आदल्या संध्याकाळचे वडिलांचे शब्द माझ्या मनात आले आणि मला वाटलं, हिला ते दिसतील. माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी ताठ धरली.

"माजा लेक बाजारला गेलता," ती म्हणाली. "लोकर इकाया. ह्याच जीपनं नेला. लगीन होऊन साल झालं न्हाई त्याचं. घरी आला आन् तीन दिस बोललाच न्हाई. सून म्हायेरी गेली. तिचा बाप म्हनतो, आता कशाला पाठवू?" ती थांबली. कातर तिनं कमरेला खोचली. "हितं म्हातारं सोडलं तर सगळे गडी रानात निजत्यात. जेवाया बी घरी येत न्हाईत. तुला वाटलं आसंल, ह्ये लोक येडे हायती."

"नाही वाटलं," मी म्हणाले. "मला फक्त भीती वाटतीय."

"आमालाबी," ती म्हणाली.

परत येताना तिनं माझं मनगट धरलं नाही. शाळेपुढं जाऊन तिनं सगळ्यांना काहीतरी सांगितलं. वाद झाला. एक म्हातारा तिच्या अंगावर धावून गेला, पण ती हलली नाही. सरांची बॅग तिनं मागवली, उघडून सगळ्यांसमोर जमिनीवर ओतली. कोरे कागद आणि तो काटा. काट्याच्या आकड्याकडं बोट करून कुणीतरी ओरडलं, "ह्यो बगा, ह्यानंच वढत्यात!" तिनं खाली पडलेला लोकरीचा पुंजका उचलून आकड्याला अडकवला आणि काटा वर धरला. बायका पुढं झाल्या, पाहून मागं सरल्या. हसलं कोणी नाही.

मग ती म्हणाली, "जावा. म्या संगं येते, न्हाईतर रानातले गडी मारतील."

ती जीपमध्ये पुढं, चाचांच्या शेजारी बसली आणि अर्धं अंग बाहेर काढून, पदर हातात धरून हलवत राहिली. दोन्ही बाजूंच्या बाजरीत माणसं आहेत हे मला कळत होतं. कणसं हलत होती आणि वारा तर नव्हता. मी सरांचं डोकं मांडीवर घेऊन खाली वाकून बसले. डांबरी सडक लागली तशी ती उतरली आणि आल्या वाटेनं चालायला लागली. आम्ही तिचे आभारही मानले नाहीत.

मला वाटलं होतं, भीती तिथं संपली. खरं तर ती तिथं सुरू झाली.

सरांच्या कपाळाला टाके पडले. धोंड्याची जखम म्हणून दवाखान्यातून पोलिसांना कळलं, जीपच्या टपाला पोचे पडले म्हणून त्या कार्यालयातून कळलं. चार-आठ दिवसांत एक फौजदार विभागात येऊन बसला. सरकारी कामात अडथळा, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हणाले, आमचं काम सरकारी नव्हतं. तो म्हणाला, जीप होती ना?

सरांना त्यानं आधी विचारलं. चष्मा पडल्यावर त्यांना काही दिसलं नव्हतं आणि त्यांनी खरं तेच सांगितलं. चाचांनी सांगितलं, आपण स्टिअरिंगखाली वाकलो होतो. फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे तुम्हीच उरलात, बाई. काही माणसं आणलीयत उचलून. एक बाईपण आहे, पुढारीण. ओळखून द्या, बाकी आम्ही बघतो."

तो गेल्यावर सर खिडकीबाहेर पाहत बसले. विद्यापीठामागचा डोंगर पावसानं हिरवागार झाला होता. मी विचारलं, "सर, काय करू?"

ते इतकंच म्हणाले, "मला तुम्हाला धीर देता आला असता तर बरं झालं असतं. पण मीच घाबरलोय." त्या दिवसांत माणसं कारण न सांगता आत जात होती. विभागाबाहेरच्या चहाच्या टपरीवर चार माणसं जमली की एक जण विषय बदलायचा.

तालुक्याच्या ठाण्यात मी आणि सर एसटीनं गेलो. व्हरांड्यात माणसं भिंतीला लावून उभी केली होती. फौजदारानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी तो तसाच ठेवला.

"बघा नीट. घाई नाही."

मी पाहिलं. तांबडा पटका नव्हता, डोकं उघडं होतं, पण तो तोच होता. ओठ सुजलेला होता. तो माझ्याकडं पाहत नव्हता, माझ्या चपलांकडं पाहत होता. आणि रांगेच्या टोकाला ती उभी होती. कपाळावरचं कुंकू पुसटलेलं. तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं, ज्या नजरेनं एसटी स्टँडवर अनोळखी बाईकडं पाहतात त्या नजरेनं. ओळखीची खूण नाही, विनवणी नाही. तिनं मला मोकळं सोडलं होतं आणि तेच मला सोसेना.

"यांतलं कोणी नाही," मी म्हणाले.

"पुन्हा बघा."

"कोणी नाही. धोंडे बाजरीतून आले. माणसं दिसली नाहीत."

"आणि ही बाई?"

"हिला मी आज पहिल्यांदा पाहतेय."

फौजदारानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. आवाज चढवला नाही. "तुमचे वडील छावणीत मास्तर आहेत ना? केस द्यायची राहिलीय त्यांची, असं ऐकलं. अशा माणसाच्या मुलीनं सरकारशी खोटं बोलावं? त्यांच्या नोकरीचा विचार करा."

वडिलांचं नाव या माणसाच्या तोंडी कसं आलं? सर मागं उभे होते, ते पुढं आले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "साहेब, तिनं सांगितलं ना. जखम मला झालीय. माझी तक्रार नाही. तसं लिहून घ्या, मी सही करतो."

सही वेडीवाकडी झाली. फौजदार त्या कागदाकडं आणि आमच्याकडं बघत राहिला, मग हातानंच जा म्हणाला. बाहेर आल्यावर आम्ही सरळ एसटीच्या थांब्याकडं निघालो. मागं वळून पाहायचं नाही, एवढंच मी स्वतःला सांगत होते.

घरी आले तर वडील नव्हते. आई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "शाळेच्या कामाला गेलेत." तिचा चेहरा पाहून मी विचारलं, "कुठल्या कामाला?" ती रडायला लागली.

कॅम्प छावणीतच, एका शाळेत होता. मी धावत गेले. वडील व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, अंगावर शाल, शेजारी ऑपरेशनबद्दल मिळालेला तुपाचा डबा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मुलं मोठी झालेली. दुसऱ्या कुणाला आणता येईना, म्हणून ते स्वतःच आत गेले होते.

"दादा!"

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "झालं. आता कुणी काही म्हणणार नाही." मग माझ्या तोंडाकडं पाहून विचारलं, "तुझं काय झालं? ओळखलंस कुणाला?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, ते रागावले. पण त्यांनी माझा हात शोधला आणि घट्ट धरला. तो हात गार पडलेला होता. मी त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. तुपाचा डबा आईनं उघडला नाही. बरेच दिवस तो फडताळात होता, मग कधीतरी दिसेनासा झाला.

ठाण्यातली माणसं सुटली की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता. विचारायला जावं तर पुन्हा माग निघेल. विभागात बसून मी जुने जनगणनेचे तक्ते उतरवत राहिले. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की पेन हातातच थांबायचं. दारावर थाप पडली की मीही आता वडिलांबरोबर आतल्या खोलीत जायला लागले होते. आई दार उघडायची.

सुगी झाली. एक दिवस चाचा विभागात आले. त्यांची पुन्हा बदली झाली होती आणि ते निरोप घ्यायला आले होते. जाता जाता म्हणाले, "बाई, पडेगाँव के बाजू में वाडा बैठा है. उधरकेच लोगाँ दिखते."

मी एकटी, सायकलवर गेले. दौलताबादच्या रस्त्याला, कापलेल्या ज्वारीच्या रानात जाळी लावलेली होती. ती चूल पेटवत होती. मला पाहून उठली नाही, पण बाजूचं घोंगडं झटकून पसरलं.

"बस," म्हणाली. "चार दिसांनी सोडलं आमाला. माराय लई मारलं पर सोडलं."

मी रडले. तिनं रडू दिलं. मग चहा दिला, मेंढीच्या दुधाचा. तिच्या लेकाविषयी मी विचारलं. तो पलीकडं जाळीच्या खुंट्या ठोकत होता, आमच्याकडं पाठ करून. सून आली नव्हती. "यील न्हाईतर न्हाई यायची," ती म्हणाली आणि चुलीत काटकी सारली.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "त्या दिशी काय इचारनार व्हतीस? इचार की."

मी विचारलं. ती सांगत गेली. कुणाच्या रानात किती दिवस बसायचं, कोण धान्य देतं, कोण नुसतं पाणी देतं, युरिया आल्यापासून कोण बांधावरूनच परत पाठवतं. त्या हिवाळ्यात मी पडेगावला पुन्हा पुन्हा जात राहिले, आणि माझा सगळा प्रबंध तिथल्या वाड्यांवर उभा राहिला. दर वेळी जाताना मागं वळून पाहायचे. कुणी पाहत तर नसेल, आपल्यामुळं पुन्हा यांच्यामागं काही लागणार तर नाही, असं सारखं वाटायचं. तरी गेले. घरी बसून जी भीती वाटायची ती त्याहून वाईट होती.

पुढं निवडणुका झाल्या, सरकार पडलं, लोक रस्त्यावर उघड बोलायला लागले. वडिलांनी त्या दुपारविषयी मरेपर्यंत एक शब्द काढला नाही.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक प्रबंध चाळत म्हणाले, "आराखड्यात फुलंब्रीच्या पुढचं एक गाव होतं. ते का सोडलं?"

आणीबाणी उठून वर्षं झाली होती, सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. मी सरांकडं पाहिलं. कपाळावरच्या व्रणावरून त्यांनी सहज हात फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तिकडचा रस्ता फार खराब होता."

परीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं.